तगराचा पत्ता

विश्रामबागेतल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणालगत अजून तगरीची झुडपं दिसतात. फूल पांढरंशुभ्र, पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका बाजूला वळलेल्या. पहाटे फिरायला निघालेलं कुणीतरी पिशवी पुढे करून ती हळूच खुडतं आणि घरमालक उठायच्या आत पसार होतं. याच नावाचं एक शहर होतं, आणि ते दोन हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठावरच्या ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होतं, हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा या झुडपाचीच आठवण झाली. फुलाचा शहराशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण शहराचा विश्रामबागेशी आहे, आणि तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने धंद्याची एक वही लिहिली. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या नावाने ती आज ओळखली जाते. एरिथ्रियन समुद्र म्हणजे तांबडा समुद्र आणि त्याला लागून थेट आपल्या किनाऱ्यापर्यंतचं सगळं पाणी. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेला प्रवास. लेखकाचं नाव वहीत कुठेच नाही. साहित्यिक व्हायची त्याची हौसही दिसत नाही. कोणत्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, खडक कुठे आहेत, कोणत्या महिन्यात निघावं, एवढंच तो लिहितो. भडोचला, म्हणजे त्याच्या बारिगाझाला, काय न्यावं याची यादी वाचताना मजा येते : इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी, आणि राजासाठी वेगळं काढून ठेवलेलं चांदीचं भांडं, गाणारी मुलं, सुंदर दासी, उंची मद्य. दिवाळीला कुठल्या साहेबाकडे काय पोचवायचं याची यादी पेढीवर असते ना, तसलाच मामला.

ही वहीसुद्धा जवळजवळ हरवलेलीच होती. आज तिची आधाराला घेण्याजोगी एकच जुनी प्रत आहे, दहाव्या शतकातली, जर्मनीत हायडेलबर्गला. युद्धांच्या धामधुमीत ती तिथून रोमला गेली, रोमहून पॅरिसला गेली आणि १८१६ मध्ये घरी परतली. ती वाटेत कुठे जळाली असती, तर पुढचं काहीच मला लिहिता आलं नसतं.

त्या वहीच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदात आपलं शहर आहे. दक्षिणापथात दोन बाजारपेठा सगळ्यांत मोठ्या, असं लेखक सांगतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर दुसरं, फार मोठं शहर : तगर. रस्ते धड नाहीत, तरी अवाढव्य मुलखातून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो. पैठणहून गोमेदासारखे दगड. तगराहून जाडंभरडं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल, मोलोखिना नावाचं एक वस्त्र, आणि किनाऱ्यालगतच्या मुलखातून तिथे येऊन पडणारा बाकीचा जिन्नस.

तगराविषयी ग्रीकांनी सांगितलं ते जवळपास एवढंच. पैठण कधी हरवलं नाही. नाथांचं पैठण, पैठणीचं पैठण, ते नकाशावरून पुसलं जाणं शक्यच नव्हतं. पण तगर? ते कुणालाच सापडेना.

अठराव्या शतकाच्या अखेरीस साहेबलोकांनी ग्रीक पुस्तकं एका हाती आणि नकाशे दुसऱ्या हाती धरून शोध सुरू केला. विल्फर्डने देवगिरीवर बोट ठेवलं. बर्जेसला वेरूळजवळचं रोझा पटलं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. ही माणसं लहानसहान नव्हती. एकेकाने अख्खा इतिहास उभा केलेला. घोटाळा झाला तो दिशेमुळे. पेरिप्लस म्हणतो पूर्वेला. शंभरएक वर्षांनी, इ.स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला, त्यात तगराला पैठणच्या ईशान्येला टाकलं. टॉलेमी कधी इकडे फिरकला नव्हता. खलाशांकडून आणि व्यापाऱ्यांकडून ऐकलेल्या अंतरांवरून तो अक्षांश-रेखांश बसवत होता. त्याच्या हिशेबात आपला पश्चिम किनारा असा काही पिळवटला आहे की भारताचा त्रिकोणच नाहीसा होतो.

आता वाट आपल्याकडे वळते.

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधलं ठिकाण. विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज यांच्यामुळे बाहेरच्या लोकांना माहीत. आतल्यांना रेल्वे फाटकामुळे. अकराव्या-बाराव्या शतकात हा सगळा पट्टा शिलाहारांच्या कोल्हापूर शाखेच्या ताब्यात होता. मिरजेचं तेव्हाचं नाव मिरिंज. मारसिंह शिलाहाराचा शके ९८०चा, म्हणजे इ.स. १०५८चा ताम्रपट मिरजेलाच मिळाला. याच घराण्यातल्या दुसऱ्या भोजाचं नाव पन्हाळ्याशी जोडलेलं आहे. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पाहायला आपण रविवारी डबे घेऊन जातो, तेही याच घराण्याच्या छत्राखाली वाढलं.

या शिलाहारांना बिरुदांचा भारी सोस. ते स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवत. एका नागाचा जीव वाचावा म्हणून गरुडापुढे शिळेवर स्वतःच जाऊन पडलेला तो राजपुत्र. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार. ध्वजावर सोन्याचा गरुड. आणि या सगळ्या लवाजम्यात एक बिरुद न चुकता येतं : 'तगरपुरवराधीश्वर'. तगर नावाच्या श्रेष्ठ नगराचे स्वामी.

ठाण्याचे शिलाहार हेच बिरुद लावतात, दक्षिण कोकणातले लावतात, आपले कोल्हापूर-मिरजेचेही लावतात. यांपैकी एकाचीही सत्ता त्या काळी तगरावर नव्हती. कधीकाळी आपले पूर्वज तिथून निघाले, ही घराण्याची आठवण. गाव सुटून चार पिढ्या झाल्या तरी आडनावाला चिकटलेला 'कर' सुटत नाही, तशी ही गोष्ट. सांगलीत किती चिपळूणकर आणि सोलापूरकर राहतात, ज्यांनी चिपळूण-सोलापूर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय!

म्हणजे बघा कसं झालं होतं. एक नाव जर्मनीतल्या हस्तलिखितात, ग्रीक अक्षरांत. तेच नाव आपल्याकडच्या तांब्याच्या पत्र्यांवर, संस्कृतात. दोन्हींचं मूळ गाव एकच, आणि ते गाव कुठे आहे ते दोन्हीकडून कळत नव्हतं. आणखी एक धागा होता : हैदराबादला मिळालेला, चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीचा शके ५३४चा, इ.स. ६१२चा ताम्रपट. त्यात ज्याला दान दिलं तो ब्राह्मण तगराचा रहिवासी आहे. सातव्या शतकात तगर जिवंत होतं, तिथे माणसं राहत होती, एवढं त्यावरून पक्कं झालं.

गाठ मारली जॉन फेथफुल फ्लीट यांनी. मुंबई इलाख्यात उभी हयात नोकरी केलेले सनदी अधिकारी आणि शिलालेख वाचण्यात वाघ. १९०१ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी एक निबंध छापला आणि सांगितलं : तगर म्हणजे तेर. आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं तेर. तेव्हा ते निजामाच्या मुलखात होतं.

त्यांचा मुख्य पुरावा इतका साधा आहे की वाचल्यावर आपण कपाळावर हात मारतो. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' टिकत नाही, विरघळून त्याचा 'य' होतो. नगरचं नयर होतं आणि नयरचं नेर. संगमनेर, पिंपळनेर, अमळनेर यांच्या शेपटीला जे 'नेर' आहे ते मूळचं नगर. आता 'न'च्या जागी 'त' घाला. तगर, तयर, तेर. संपलं! शंभर वर्षं विद्वान ज्याच्यासाठी डोंगर पालथे घालत होते, त्याचं उत्तर दर गावातल्या शाळकरी पोराच्या तोंडात होतं. गावाने आपलं नाव बदललं नव्हतंच. ते बोलता बोलता झिजलं होतं, जुन्या उंबऱ्यासारखं.

अंतराचं गणितही जुळतं. मी पट्टी घेऊन नकाशावर करून पाहिलं. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर; वीस दिवस. पैठण ते तेर सुमारे दीडशे, दहा दिवस. दोन्हीकडे रोजचे पंधरा-सतरा किलोमीटर पडतात, आणि प्रत्यक्ष वाट वळणांची म्हणून थोडे जास्त. लादलेली बैलगाडी दिवसात तेवढीच चालते. चुकली ती फक्त दिशा : पूर्व नव्हे, आग्नेय. भडोचच्या धक्क्यावर बसून हजारभर मैलांचा मुलूख ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी माणसाला एवढी चूक माफ करायला हरकत नाही. कोल्हापूर कुठे असं मुंबईकराला विचारून बघा.

पण एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. तेरचं कापड तीस दिवस गाडीतून रखडत भडोचला कशाला न्यायचं? मध्ये सह्याद्री उतरला की कल्याण, सोपारा, चेऊल ही बंदरं जवळ पडतात. याचं उत्तर पेरिप्लसच्या पुढच्याच परिच्छेदात आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर बंदर होतं. नंतर सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली, आणि आता चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला पाठवतात, असं तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांची ही भांडणं. घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यावर राजे झगडत होते आणि त्याची किंमत तेरणाकाठच्या विणकराच्या गाठोड्याला चुकवावी लागत होती.

तेरला गेलं की पहिल्यांदा दिसतात त्या पांढरी. जुनी वस्ती मोडून पडली, राख, शेण, विटा, खापरं थरावर थर साचले की जी फिकट मातीची टेकाडं होतात त्यांना आपल्याकडे पांढर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घराच्या भिंतींना आणि धाब्याला हीच माती नेली. अख्ख्या महाराष्ट्रात किती प्राचीन गावं अशी धाब्यावर चढून बसली असतील याचा हिशेब न केलेला बरा. फ्लीट यांच्यानंतर लगेच हेन्री कझिन्स तिथे जाऊन आले. त्यांना त्रिविक्रमाचं देऊळ दिसलं : विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. हा घाट बौद्ध चैत्यगृहाचा. कार्ले-भाज्याला जो आकार डोंगरात कोरला तोच इथे विटांनी उभा केलेला. त्यात पुढे विष्णू आला, आणि देव बदलला म्हणूनच इमारत वाचली. पूजा चालू असलेल्या घराच्या विटा कोण काढणार?

उत्खननं पुढे झाली. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे खणलं, त्यानंतरही वेळोवेळी कुदळ लागली. सातवाहनांची नाणी आली, शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि किमती दगडांचे मणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या बायका-पुरुषांच्या मूर्ती. एक वस्तू मला विशेष आवडते. रोमन नाण्याची हुबेहूब नक्कल मातीत ठसवलेली, वर दोरा ओवायला भोक. खरं सोन्याचं नाणं परवडत नाही म्हणून गळ्यात मातीचं! एक ग्रॅम सोन्याचे दागिने विकणाऱ्या आजच्या दुकानदाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

पण उत्खननांच्या आधीपासून तेरमध्ये एक माणूस हे सारं गोळा करत होता. रामलिंगप्पा लामतुरे. गावातले व्यापारी. पांढरीतून वर येणारा मणी, मूर्ती, नाणं त्यांनी जन्मभर जमवलं आणि त्यातून हजारो वस्तूंचं भांडार उभं राहिलं. आज गावातलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. दागिन्यांनी मढलेली, चणीने लहान.

आता क्षणभर इटलीत चला. १९३८ मध्ये पाँपेईत उत्खनन चालू होतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हे शहर राखेखाली जसंच्या तसं गाडलं गेलं, हे आपण शाळेत वाचलेलं. तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय बाई सापडली. वीतभराहून थोडी उंच, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पाठीवर भरगच्च वेणी, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. तिच्या पायाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे. सुरुवातीला तिला सरसकट लक्ष्मी म्हणत. ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहेत. पण तिच्या घडणीशी जुळणाऱ्या मूर्ती मिळाल्या त्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणजे नात्यातल्या दोघीतिघी. एक मराठवाड्याच्या मातीत राहिली, दुसरी भडोचहून समुद्र ओलांडून गेली आणि एका रोमन घरातल्या सामानासोबत राखेत बुजली. पाँपेईच्या बाईला आज जगभरचे लोक नेपल्सच्या संग्रहालयात रांग लावून पाहतात. तेरच्या बाईला पाहायला रांग नाही. मला हे फायद्याचंच वाटतं. काचेला नाक लावून हवं तितका वेळ उभं राहता येतं.

इथवर वाचून कुणी वारकरी हसत असेल. तेर हरवलं होतं? कधी? गोरोबाकाकांचं तेर! तेरढोकी म्हटलं की पंढरीच्या वाटेवरच्या कुठल्याही माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली आपलं मूल आलं हे ज्यांना कळलं नाही, ते संत गोरा कुंभार इथले, आणि त्यांची समाधी इथेच तेरणेच्या काठी आहे. मुक्ताबाईने विचारलं, काका, यातली पक्की मडकी कोणती? तेव्हा गोरोबांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक टोला दिला, आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा इथलीच. विद्वान नकाशावर तगर शोधत होते त्याच वर्षांत दिंड्या दरसाल तेरचं नाव घेत चालत होत्या. एकमेकांची गाठ पडायचं कारणच नव्हतं. फ्लीट ताम्रपट वाचत, वारकरी ताम्रपट वाचत नाहीत.

आणि तेरच्या पांढरीत सर्वांत जास्त मिळतं ते काय, तर खापर. उत्खनन करणारा माणूस प्रत्येक तुकडा हातात घेऊन भाजणी पाहतो, रंग पाहतो, बोटाने वाजवून पाहतो. कच्चं की पक्कं, हे त्यालाही आधी ठरवावं लागतं.

विश्रामबागेहून तेर तसं दूर नाही. मिरजेहून लातूरला अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट धावायची. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू केलेली. १९११ला ती लातूरला पोचली, १९२७ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरच्या त्या वाटेवर पंढरपूर लागतं आणि पुढे ढोकी, तेरढोकीतलं ढोकी. आता रूळ मोठे झाले. पण 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवणाऱ्यांच्या मिरजेहून निघालेली आगीनगाडी त्याच तगराच्या दाराशी जाऊन उभी राहत होती, आणि डब्यात बसलेल्या एकालाही याची कल्पना नव्हती, हे मला त्या हस्तिदंती बाईइतकंच अजब वाटतं.

तेर सापडलं. पण टॉलेमीच्या यादीत आणखी एक गाव आहे आणि ते मला जास्त सतावतं, कारण ते बहुधा घरापासून तासा-दीड तासावर असावं. टॉलेमी लिहितो : बैठण, सिरिपोलेमायोसची राजधानी. हा सिरिपोलेमायोस म्हणजे सातवाहन राजा श्री पुळुमावी. टॉलेमीने त्याला जवळजवळ आपलंच नाव देऊन टाकलं. त्याच यादीत पुढे : हिप्पोकूरा, बालेओकूरोसची राजधानी. आता कोल्हापूरच्या परिसरात धनुष्यबाणाची खूण असलेली जुनी नाणी मिळतात, त्यांवर राजाचं नाव आहे विळिवायकुर. भांडारकरांनी दोन नावं शेजारी ठेवली आणि म्हणाले, बालेओकूरोस तो हाच. मग हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूर? की त्याच्या आसपासचं काही? की पार दुसरीकडचं? हा वाद मिटलेला नाही.

कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४४ मध्ये काशाच्या वस्तूंचा साठाच हाती लागला, आणि पाठोपाठ सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये रीतसर उत्खनन केलं. त्या साठ्यात भूमध्य समुद्राकडून आलेला आरसा होता, सुरई होती, आणि होता पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. हाताच्या पंजात मावेल एवढा, नागडा, दाढीवाला, एक हात वर उचललेला. आता तो कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्र दिसतही नाही अशा गावात, कुणाच्या घरी आणि कशासाठी आला असेल तो? देव म्हणून, की शोभेची बाहुली म्हणून?

फ्लीट यांची युक्ती मी हिप्पोकूरावर चालवून पाहतो. ग्रीकात हिप्पोस म्हणजे घोडा, पण ते ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने ओढलेलं असणार. मूळ काय असेल? कोल्हापूरच्या एसटीत बसलो की पाट्या वाचत जातो : अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले. एकदा गारगोटीच्या वाटेवर भुदरगड तालुक्यात 'कूर' नावाच्या गावाची पाटी दिसली आणि मी जागेवरून उठलोच. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य आहे, हे मला कळतं. तरी पुढच्या वेळी उतरणार आहे. पांढर कुठे आहे, एवढं तर विचारता येईल.